आक्काच्या वहीतली खिडकी

मंडळी, आज पहाटे कर्नाटकच्या सीमाभागात, निपाणीत, माझी आत्या गेली. सगळे तिला आक्काच म्हणायचो. मला अजून रडू आलेलं नाही.

चौकात लावायच्या श्रद्धांजलीच्या बोर्डाचा मजकूर लिहीत होतो. आतेभाऊ म्हणाला, "आक्का कानडी शब्द हाय रं. ताई लिही." मी लिहिलं.

मग फोटो शोधताना ट्रंकेत तिची शाळेतली वही सापडली, स्वातंत्र्याच्या आधीची. तेव्हा तिचे वडील कोल्हापूरजवळ महायुद्धात आलेल्या युरोपातल्या निर्वासितांच्या छावणीत भाजी पोचवायचे. ती सोबत जायची. तिथल्या एका, रशियाशेजारच्या एस्टोनियाच्या बाईनं तिला मोडक्या हिंदीत आपले शब्द शिकवले होते.

वहीत लिहिलंय: "खिडकी म्हणजे आकेन. बाई म्हणाली, हा शब्द आम्ही रशियनांकडून घेतला. मी विचारलं, त्यांनी तर तुम्हाला घरातनं घालवलं, मग त्यांचा शब्द कशाला ठेवलाय? बाई म्हणाली, खिडकी माझ्याच घरची होती की गं."

आतेभावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बोर्ड छापायला गेला की रं."

संध्याकाळी बोर्ड लागला. फोटो आक्काचा आहे. खालच्या नावानं तिला जन्मात कुणी हाक मारली नव्हती.

तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?