पडदा झकास, कडी नाही

“पण त्यात संडास कशाला आणलात, बाबा? देशाबद्दल विचारलं होतं ना त्यांनी!”

“मी कुठे आणला? तो आहेच तिथे. बाल्कनीच्या जिन्याखाली.”

“मला विनोद नकोयत.”

“मग तोंड का दाबतेयस?”

लेकीनं तोंडावरचा हात झटकन काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. हसू आलं की भांडण हातातून सुटतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते हसवायचे. आत्ताही टेबलाशी बसून ते कोटाची पितळी बटणं एकेक करून घासत होते, जणू वाद शेजारच्या घरात चाललाय.

“दोन शब्द म्हणायचेत फक्त. ‘चुकलं, माफ करा.’”

“तीन झाले.”

“बाबा!”

“ओरडू नकोस. बटण निसटतं.”

कोट गडद लाल, कोपरांवर विरलेला. थेटरच्या डोअरकीपरचा. तो निवृत्तीनंतर कपाटात गेला होता. थेटर पाडायचं ठरलं आणि शेवटच्या खेळाला जुन्या सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं असं मालकांकडून निरोप आला, तेव्हापासून तो रोज बाहेर निघत होता. रोज खिडकीत टांगायचा, झटकायचा, पुन्हा आत ठेवायचा. लेक म्हणायचीसुद्धा, “अहो बाबा, लग्नाचा आहे का तो?” त्यावर बाबा म्हणायचे, “लग्नात एवढी वाट बघितली नव्हती.”

आज संध्याकाळी तो खेळ होता. सोमवारी थेटर पाडायला घेणार होते. बाबांना एकच हवं होतं, शेवटचं एकदा त्या दाराशी उभं राहायचं. आणि नेमकं तेच आता त्या तीन शब्दांवर अडलं होतं.

झालं होतं ते असं. मागच्या आठवड्यात थेटरच्या पायऱ्यांवर कुणीतरी फोन समोर धरून त्यांना विचारलं, “मामा, इतकी वर्षं राष्ट्रगीताला उभे राहिलात. देशाबद्दल काय वाटतं?” आणि बाबा म्हणाले, “आपला देश ना? आपल्या थेटरासारखा. पडदा झकास, आवाज त्याहून झकास, आणि संडासाला कडी नाही. लोक पडदा बघून टाळ्या वाजवतात, पण आत गेलेल्या बाईला गाणं म्हणत बसावं लागतं.” आधी लोक हसले. मग कुणीतरी हसायचं थांबलं. मग ज्याच्या-त्याच्या फोनवर ‘देश’ आणि ‘संडास’ एवढे दोनच शब्द फिरायला लागले. लेक शाळेत शिकवायची. तिथं शिक्षकांच्या खोलीत एक बाई चहा ढवळता ढवळता म्हणाल्या, “तुमचे वडील अगदी स्पष्टवक्ते हं,” आणि चमचा बशीत असा ठेवला की वाजला. आणि काल थेटरहून निरोप आला. सुरुवातीलाच मामांनी माफी मागावी, नाहीतर दाराशी दुसरा माणूस उभा राहील.

“तुमचाच नियम आहे ना?” लेकीनं आता आवाज खाली आणला. “उजेड पायावर मारायचा, तोंडावर नाही. तुम्ही सगळ्यांच्या तोंडावर मारलात, बाबा.”

बटण घासणारा हात थांबला. हे मात्र लागलं.

तो नियम त्यांचाच होता. सगळं गाव त्यांना बॅटरीमामा म्हणायचं ते त्या हातातल्या बॅटरीमुळे. उशिरा आलेल्या माणसाला अंधारात खुर्चीपर्यंत न्यायचं, म्हणजे उजेड त्याच्या पावलापुढे एक पायरी. तोंडावर कधीच नाही. नव्या पोरांना ते शिकवायचे, “तोंडावर उजेड पाडणारा पोलीस असतो. आपण वाट दाखवणारे.” खेळाआधी बॅटरी स्वतःच्या तळहाताला टेकवून लावून बघायची, ही त्यांची सवय. हात लाल दिसला की म्हणायचे, “चला, जिवंत आहे.”

लेकीचं बालपण त्या उजेडाच्या मागे मागे गेलं होतं. ती जन्मली तीही मध्यंतरात. दवाखान्यातून निरोप आला तेव्हा दिवे नुकतेच लागले होते, आणि बाबांनी तिथल्या तिथे बाल्कनीतून ओरडून सांगितलं, “मुलगी झाली हो!” सगळ्या थेटरनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तिकीटवाल्यापासून मशीनवाल्यापर्यंत सगळे तिला ‘मध्यंतर’ म्हणायचे. “काय मध्यंतरबाई, शाळेत आज काय शिकवलं?”

आई तिथंच चहा आणि खारे दाणे विकायची. पण धंद्याची खरी वेळ, म्हणजे अर्धं मध्यंतर, तिचं त्या संडासाच्या दाराला पाठ लावून जायचं. कडी नव्हतीच. आतल्या बाईनं गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरचीला कळतं. एकदा एक नवी नवरी आत गेली आणि लाजून गप्पच राहिली. बाहेरून दार ढकललं गेलं, आणि आत-बाहेर दोन्हीकडून अशी किंकाळी उठली की मशीनवाल्यानं घाबरून खेळ दोन मिनिटं आधीच चालू केला. त्या दिवसापासून आई दाराशी. बाबा दर महिन्याला मोठ्या मालकांपुढे जाऊन उभे राहायचे. “मालक, कडी.” मालक म्हणायचे, “अरे, पडदा नवा आणलाय ना आत्ताच! असा पडदा आहे का कुठे आसपास?” बाबा म्हणायचे, “नाहीच. म्हणून तर म्हणतो, कडी.”

आणि थेटरची ती तीन दारं. त्या काळी खेळ संपला की राष्ट्रगीत लागायचं. लोकांना घराची घाई, शेवटच्या बसची घाई. मोठ्या मालकांचा हुकूम होता, गीत सुरू व्हायच्या आधी दारं लावून घ्यायची, म्हणजे कुणी पळणार नाही. पहिल्याच दिवशी बाबांनी तिन्ही दारं सताड उघडली, पडदे बाजूला खोचले आणि स्वतः मधल्या दाराशी काठीसारखे ताठ उभे राहिले. निम्मं थेटर रिकामं झालं. मालक तणतणत आले.

“दारं उघडी ठेवलीस तर पळणारच ना सगळे!”

“पळू द्या, मालक. कोंडून उभे केलेले मोजायचे नसतात.”

मालकांनी दोनदा नोकरीवरून काढतो म्हणून सांगितलं, पण काढलं नाही. आणि गंमत अशी की हळूहळू लोक थांबायला लागले. का, ते कुणाला सांगता आलं नसतं. कदाचित दाराशी एक माणूस बाहेरच्या वाऱ्यात एकटाच उभा आहे, त्याला पाठ दाखवून कसं जायचं, असं वाटत असेल. लहानगी लेक बाबांच्या कोटाला चिकटून उभी असायची. कोटाला बटणं घासायच्या ब्रासोचा आणि खाऱ्या दाण्यांचा वास यायचा, आणि गीत चालू असताना बाबांची बोटं तिच्या खांद्यावर ठेका न धरता अगदी शांत असायची.

एक घड्याळवाला मात्र कधीच थांबला नाही. दर आठवड्याला यायचा, आणि गीताचा पहिला सूर लागला की उठून चालायला लागायचा. लोक दात-ओठ खायचे. बाबा मात्र त्याच्यापुढे वाकून उजेड धरायचे, पार बाहेरच्या पायरीपर्यंत. लेकीनं एकदा चिडून विचारलं, “त्याला कशाला दाखवता वाट? तो तर निघून जातो!”

“अगं, ती पायरी तुटलीय. पडेल ना तो.”

एवढंच. ती तुटकी पायरीसुद्धा मालकांपुढच्या तक्रारीत दर महिन्याला असायचीच.

“उजेड तोंडावर मारला म्हणतेस.” बाबा आता कोटाकडे बघूनच बोलत होते. “मला वाटलं, पायरीवर मारतोय.”

“लोकांना ते कसं कळणार? आणि तुमचं तरी एक काही असतं का? काका परदेशातून आले होते, तेव्हा ते असंच काहीसं म्हणाले. तुम्ही त्यांच्या पुढची बशी उचललीत! अर्ध्या चहासकट!”

“उचलणारच. तो म्हणाला, इथं काही सुधारायचं नाही. जायच्या आधी वीस वर्षं राहिला, कधी एक दिवा बदलला नाही यानं. त्याला का या संडासाला जायचंय?”

“म्हणजे तुम्ही बोललात तर प्रेम, आणि दुसरा बोलला तर शिवी.”

बाबांनी मान वर केली. क्षणभर वाटलं, आता काहीतरी खमंग उत्तर येणार. पण ते म्हणाले, “असेल. तेही असेल.” आणि पुन्हा बटणाकडे वळले. ते असे पटकन हरले की लेकीला भांडणाचं बळच उरायचं नाही.

दार वाजलं. छोटे मालक होते, मोठ्या मालकांचे चिरंजीव. कडक इस्त्री, कपाळावर घाम. बाबांच्या खांद्यावर बसून त्यांनी लहानपणी कितीतरी सिनेमे बघितले होते, त्यामुळे त्यांना उभं राहावं की बसावं ते कळेना.

“मामा, तुमच्यासाठी मी सगळ्यांशी भांडलोय. खरंच. पण आज येणारे पाहुणे मोठे आहेत हो. राष्ट्रगीताला दारं बंद हवीत म्हणून बजावलंय त्यांनी. आणि त्याआधी तुम्ही माइकवर येऊन जरा… म्हणजे ताईंनी सांगितलं असेलच.”

“सांगितलं,” बाबा म्हणाले.

“आणि नाही म्हटलं तर?” लेकीनं विचारलं. का विचारलं, तिलाही कळलं नाही.

“तर दाराशी आमचा सिक्युरिटीवाला उभा राहील. मामांनी खुशाल पुढच्या खुर्चीत बसून सिनेमा बघावा. पाहुण्यासारखा!”

आयुष्यात एकही सिनेमा बसून न बघितलेल्या माणसाला हे सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

बाबांनी फडकं घडी करून ठेवलं. “छोटे मालक, कडी बसली का?”

“कसली?”

“जिन्याखालची.”

“अहो मामा, सोमवारी पाडतोय थेटर!”

“सोमवारी ना. आज बायका येणार आहेत की नाही?”

छोटे मालक हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले.

बाबा उठले. खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि न्हाणीघराकडे गेले. आतून कर्र कर्र आवाज यायला लागला. लेक धावली. बाबा घरातलीच कडी काढत होते. या घरात राहायला आले, तेव्हा सामान सोडायच्या आधी त्यांनी ती बसवली होती, कारण आई दारातच उभी राहून म्हणाली होती, “घरात तरी मला गाणं म्हणायला लावू नका.”

“बाबा, ती कशाला… ती आईची…”

“आज दार लोटून घे. उद्या दुसरी आणतो.” त्यांनी स्क्रू एकेक करून शर्टाच्या खिशात टाकले, कडी रुमालात गुंडाळली. बाहेरच्या खोलीत येऊन ते टेबलाशी थांबले. कोट उचलला, खांदे नीट केले आणि खुर्चीच्या पाठीवर चढवून ठेवला, जसा रोज खेळ संपल्यावर ठेवायचे. बॅटरी खिळ्याला होती. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

“छोट्या मालकांना चहा दे,” म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

जिन्याच्या वळणावरचा बल्ब गेलेला होता. भिंत चाचपत खाली उतरणाऱ्या बाबांची पावलं ऐकू येत होती.

“हे… म्हणजे यांनी काय ठरवलं?” छोटे मालक घाबरून कोटाकडे आणि दाराकडे बघत राहिले. “माफी मागणार की नाही? ताई? मी पाहुण्यांना काय सांगू?”

लेकीनं कोट उचलून हातावर घेतला. खिळ्याची बॅटरी काढली, सवयीनं तळहाताला टेकवून लावून बघितली. हात लाल झाला.

“ताई, मी तिथं काय सांगू?”

ती उंबरा ओलांडून जिना उतरायला लागली. उजेड बाबांच्या पावलापुढे एक पायरी धरून.