अठरा ट्यूबांचे वाटे

शहापुरात दातांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं मदतनीस आहे. डॉक्टर दात काढतात, आणि दात निघेपर्यंत माणसाला खुर्चीत बसवून ठेवण्याचं काम माझं. कुणी दाराकडे बघू लागलं की मी दारात आडवी उभी राहते. कुणी रडू लागलं की वाशिंदच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांनी घाबरून दुखऱ्या दाढेऐवजी शेजारच्या दाढेवर बोट ठेवलं आणि ती निघाल्यावर म्हणाले, "हिचा काय दोष होता?" गोष्ट मी रचलेली आहे. पण ती ऐकताना माणूस तोंड उघडून हसतो आणि तेवढ्यात सुई टोचून होते.

पुढची गोष्ट रचलेली नाही. तिच्यातलं नुकसान माझ्याच जिभेनं केलं, म्हणून ती सांगताना एरवी हातवारे करणारे माझे हात मांडीवरच राहतात.

तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दंत महाविद्यालयातून एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आली. पुढचं शिक्षण घेत होती. मशेरीमुळे तोंडात पडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्यांवर तिला अभ्यास करायचा होता. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर घासायची, ती मशेरी. आमच्याकडच्या बायका तिला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. सकाळी एकदा, न्याहारी झाल्यावर एकदा, शेतातून आल्यावर एकदा. इतके दात तर टूथपेस्टच्या जाहिरातीतली माणसंही घासत नसतील. काही वर्षांनी खालच्या ओठाच्या आत, जिथे ती चिमूट राहते तिथे, कातडी पांढरी पडते. पुष्कळजणींची तशीच राहते. एखादीची बदलत जाते आणि तिथे कर्करोग होतो. कुणाची बदलेल ते आधी सांगता येत नाही.

"मावशी, मशेरी लावणाऱ्या बायका एका ठिकाणी कुठे भेटतील?" तिनं मला विचारलं.

"माझ्या सासरी. तिथं न लावणारी शोधावी लागेल."

माझं सासर मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. सापगाव मागे टाकून जीप तासाभराहून जास्त चालते, मग भाताची खाचरं संपतात आणि नाचणीचे उतार लागतात. तिथे माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात. साठीच्या, काटक. मी लग्न होऊन आले तेव्हा भात लावायला त्यांनीच शिकवलं, आणि मला ते जमत नाही हे साऱ्या गावाला त्यांनीच सांगितलं.

समाजमंदिरात तपासणी झाली. ज्यांचे चट्टे जाड किंवा लालसर होते त्यांना डॉक्टरनं थेट मुंबईला पुढच्या उपचारांसाठी पाठवलं. ज्यांचे पातळ आणि पांढरे होते अशा अठराजणी अभ्यासात घेतल्या. त्यात जाऊबाई होत्या. मशेरी सगळ्यांनीच सोडायची होती. खरा उपाय तोच, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होती. त्याशिवाय दिवसातून दोनदा चट्ट्यावर एक जेल लावायचं होतं. अठरांपैकी नऊ ट्यूबांमध्ये औषध होतं. उरलेल्या नऊंमध्ये तसंच दिसणारं, तशाच चवीचं साधं जेल. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. ट्यूबवर फक्त आकडा, आणि आकड्यांची यादी महाविद्यालयात बंद पाकिटात.

"आपल्याला माहीत असलं ना मावशी, की डोळे फसवतात," ती मला म्हणाली होती. "जिला औषध दिलंय तिचा चट्टा उगाच लहान दिसायला लागतो."

हे सगळं संमतीच्या कागदावर अंगठा घेण्याआधी बायकांना सांगणं भाग होतं. डॉक्टरनं सांगितलं. बायकांनी पाहुण्याचं भाषण ऐकावं तसं ऐकून घेतलं. तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले.

"बायांनो, मासळीचे वाटे कसे घालता?"

आमच्याकडे ओढ्यात सगळ्यांनी मिळून मासे धरले की सागाच्या पानांवर त्यांचे वाटे पडतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" पाठमोरा नाव सांगतो. तो वाटा त्या घरचा. भांडायला जागाच नाही. मी दोन्ही माणसं करून दाखवली. पाठ करून उभी राहिले, वळून हात ठेवला, पुन्हा पाठ केली. म्हटलं, "तसंच हे. मुंबईत एक जण तुमच्याकडे पाठ करून उभा हाय."

बायकांना एकदम कळलं. माना हलल्या. मग मागून जाऊबाईंचा आवाज आला.

"पण काय गो, वाटे आधी सारखे करतात. अर्ध्या पानांवर मासळी नि अर्ध्यांवर दगड, असे वाटे कोण घालतो?"

डॉक्टर उत्तर द्यायला पुढे सरकली होती. "काकू, हे औषध खरंच लागू पडतं का, तेच अजून..." एवढं ती बोललीही. पण मी काही तिची वाट बघितली नाही.

"मुंबईवाले घालतात!" मी म्हणाले.

समाजमंदिर हसून फुटायचं बाकी राहिलं. त्या हशातच अंगठे उठले. जाऊबाईंनी विचारलेला प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात शहाणा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर मिळालंच नाही.

दर पंधरा दिवसांनी आम्ही जात होतो. डॉक्टर कपाळाला दिवा बांधून प्रत्येकीचं तोंड बघायची, छोट्या पट्टीनं चट्टा मोजायची, फोटो काढायची, जुनी ट्यूब संपली म्हणून नवी द्यायची. काहींचे चट्टे फिके पडत होते. मशेरी सुटल्यामुळे की जेलमुळे, ते शेवटी पाकीट फोडल्यावर कळणार होतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी पुतण्याच्या मुलीच्या बारशाला मी सासरी गेले. पाळण्यापाशी गर्दी होती, पण जाऊबाई दिसेनात. मागच्या पडवीत गेले. जाऊबाई पाटावर बसलेल्या, पुढ्यात पातेलं. बाजूला अठरा ट्यूबा विळीवर पोटं चिरून साफ केलेल्या मासळीसारख्या पडलेल्या. जाऊबाई पातेल्यात डाव फिरवत होत्या, आणि समोर बायका आपापली डबी घेऊन रांगेत.

"जाऊबाई, हे काय?"

"वाटे," त्या म्हणाल्या. "आधी सारखं करायचं नि मग वाटायचं. कोणाच्या पानावर दगड नको."

"कधीपासून चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून. तुझी मॅडम गाडीत बसली नि आमी पातेलं काढलं. आज ट्यूबा चिरून उरलंसुरलं काढतोय."

रांगेच्या शेवटी एक म्हातारी उभी होती. ती अभ्यासात नव्हती. तिच्या तोंडात चट्टा तर नव्हताच, दातही नव्हता.

"आणि ही कशाला?"

"एकटी बाई हाय ती. वाटा तिचा पण निघतो."

मी हसले. खोटं कशाला सांगू, खांबाला धरून हसले. हसता हसता त्या म्हातारीच्या डबीत डाव रिकामा होताना पाहिला आणि मला डॉक्टरची वही आठवली. प्रत्येक बाईचं एक पान, प्रत्येक पानावर तिचा फोटो आणि बारीक अक्षरात चट्ट्याची लांबी आणि रुंदी. त्या आकड्यांना आता काही अर्थ उरला नव्हता. खरं औषध कुणालाच पुरतं मिळालं नव्हतं, आणि साधं जेल निव्वळ कुणालाच लागलं नव्हतं.

मी शहापूरला परत आले आणि चार दिवस गप्प बसले. मनाशी म्हटलं, या बायका काही बोलणार नाहीत, मी तरी का बोलू.

गुरुवारी तपासणी होती. जाऊबाई शेवटी बसल्या. डॉक्टरनं ओठ दुमडून दिवा धरला आणि ती तशीच राहिली. एरवी तपासताना ती पिकापाण्याचं विचारायची. आता काही विचारेना. बावीस वर्षांत मी एवढं नक्की शिकले आहे, की तोंडात बघता बघता डॉक्टर गप्प झाला की हातातला ट्रे घट्ट धरायचा. मी वाकून पाहिलं. पांढऱ्या चट्ट्यात मसुराच्या दाण्याएवढा लाल भाग होता. मागच्या फोटोत तो नव्हता.

"काकू, तुम्ही उद्या माझ्याबरोबर मुंबईला चला," डॉक्टर म्हणाली. "इथला अगदी छोटा तुकडा काढून तपासायचाय."

"तुकडा नाय काढायचा," जाऊबाई म्हणाल्या. "वरच्या पाड्यातल्या बाईचा काढला. वर्ष नाय काढलं तिनं."

"त्या उशिरा गेल्या असतील. तुकडा काढल्यानं काही पसरत नाही. उलट थांबलो तर..."

"औषध चालू हाय ना? त्यानंच जाईल."

"तुमच्या ट्यूबमध्ये औषध आहे की नाही हे मलाही माहीत नाही, काकू."

"मला माहीत हाय," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "हाय माझ्यात. सगळ्यांच्यात हाय." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू सांगू नको, असं नव्हतं त्या बघण्यात. तूच साक्षी आहेस, सांग हिला, असं होतं.

मी गप्प राहिले असते तर त्या पातेल्यातल्या मिश्रणावर भरवसा ठेवून जाऊबाई त्या लाल ठिपक्याला घेऊन घरी बसल्या असत्या. म्हणून मी सांगितलं. पातेलं, विळी, डाव, रांग, दात नसलेली म्हातारी, सगळं. आणि ते माझं "मुंबईवाले घालतात" हेही.

डॉक्टरनं कपाळावरचा दिवा विझवला. समाजमंदिरात मुलांसाठी ठेवलेलं एक बुटकं बाकडं होतं, त्यावर ती बसली.

"अठराही जणी?"

"एकोणीस."

ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही नसतं सांगितलं तर कुणाला कळलंही नसतं."

"हो."

तिनं वही काढली, पट्टी घेतली, आणि एकेका पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारायला सुरुवात केली. अभ्यासासाठी घेतलेल्या गावांतलं हे तिचं पहिलं आणि सगळ्यात मोठं गाव होतं. प्रबंध लांबणीवर पडणार होता, त्याबरोबर परीक्षाही. बायका भिंतीला टेकून बघत होत्या.

"काय करते गो ती?" जाऊबाईंनी मला विचारलं.

"तुमची पानं रद्द करते."

"का? आमी औषध फेकलं नाय, लावलं."

डॉक्टरनं मान वर केली. "कुणाला काय लागलं ते आता मला सांगता येत नाही, काकू. अंदाजानं लिहिलं, तर उद्या ते वाचून दुसरा डॉक्टर दुसऱ्या कुणाला हेच औषध देईल. लागू पडत नसलं तरी देईल."

"म्हणजे खऱ्या ट्यूबनं तरी बरं होतं का, ते तुला माहीतच नाय?"

"तेच तर बघत होते."

जाऊबाई वहीवर वाकल्या. डॉक्टरची पट्टी पुढच्या पानावर सरकली. ते पान कुणाचं होतं मला दिसलं. जाऊबाईंना वाचता येत नाही, पण फोटो त्यांनी ओळखला.

"उभं पीक उपटते ही पोरगी," त्या कुणाला तरी म्हणाल्या. मग डॉक्टरला, "आमचं चुकलं, तर तू तुझं कशाला खोडतेस?"

"ते मी परत लिहीन. तुम्ही आधी चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई आमच्याबरोबर जीपमध्ये होत्या. खिडकीशी, ठेवणीतलं पातळ नेसून. तुकडा निघाला. अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत शहापूरच्या माझ्या घरी त्यांनी माझ्या स्वयंपाकातल्या बारीकसारीक चुका काढल्या, आणि मी एकदाही उलट बोलले नाही. तेवढ्यावरून त्यांना काय ते कळलं असावं.

अहवाल आला. पेशी बदलू लागल्या होत्या. कर्करोग झालेला नव्हता, पण त्या वाटेला लागलेला भाग होता, आणि तो काढून टाकायला हवा होता. उपचारासाठी गरज म्हणून महाविद्यालयानं जाऊबाईंच्या आकड्यापुरती यादी उघडली. त्यांची ट्यूब साधी निघाली.

"बघ," जाऊबाई मला म्हणाल्या. "पातेलं केलं म्हणून थोडं तरी खरं माझ्या तोंडाला लागलं." डॉक्टरनं यावर वाद घातला नाही. मी हसायला गेले, पण हसू आलं नाही.

ओठाचा आतला भाग बधिर करून चट्टा काढला. जाऊबाई जाग्या होत्या. मी डोक्याशी उभी होते आणि माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं. आयुष्यभर अनोळखी माणसांना खुर्चीत रमवलेली मी, त्या दिवशी मला एक गोष्ट सुचेना. मी फक्त जे होतंय ते सांगत राहिले. आता कापूस लावला. आता पाणी ओढलं. आता टाका. आणखी एक. झालं, जाऊबाई.

तीन महिन्यांनी तपासणी. खालचा ओठ किंचित आत ओढल्यासारखा दिसत होता. डॉक्टरनं हातमोजा घातला आणि व्रणावरून बोट फिरवलं. कडक लागलं तर वाईट, एवढं जाऊबाईंना मी सांगून ठेवलं होतं. बोट एकदा गेलं, परत आलं. पुन्हा गेलं. डॉक्टर डोळे मिटून चाचपत होती. जाऊबाईंचे डोळे उघडे, थेट तिच्या चेहऱ्यावर. मी ट्रे घट्ट धरला होता.

"मऊ आहे," डॉक्टर म्हणाली. "सगळं मऊ आहे."

तिनं बोट बाहेर काढलं. जाऊबाईंनी आधी ओठ पुसला, पदर नीट केला.

"बैल घेताना पण एवढं तोंड बघत नाय गो कोण," त्या म्हणाल्या.

डॉक्टर हसली, आणि हात धुवायला वळली. नळ बराच वेळ वाहत राहिला. ती पाठमोरीच उभी होती.