गळा बंद, पोट चालू

"म्हातारबा, तुमच्या अन्ननळीत कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. मी इचारलं, "म्हंजी काय?" त्यांनी कागदावर काढून दावलं. घास उतरतो त्या नळीत गाठ झालीय, वाट बुजत चाललीय.

मी म्हनलं, "न्हाय वो. लोकरीचा केस अडकलाय."

हसू नका. जल्म मेंढरामागं गेला माझा. कातरनीच्या दिसात लोकर नाकातोंडात जातीच की. म्हनून घास अडायला लागला तसा मी तीन म्हयनं कडक भाकरीचं मोठं मोठं घास गिळत बसलो, केस खाली ढकलायला. आधी भाकरी अडली, मग जोंधळ्याच्या शिजवलेल्या कन्या, मग दूधबी उलटायला लागलं. तवा कुटं थोरल्या पोरानं जेऊरला गाडीत घालून सोलापूरच्या दवाखान्यात आनलं. तुमचा घास असा अडत आसंल तर माझ्यासारखा शानपना करू नका. लगी डॉक्टर गाठा.

खडूवानी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला हुता, म्हंजी आतला फोटू. दोन दिस व्हरांड्यात बसून वाट बघितली. मग ह्ये ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढायला छाती उघडावी लागेल. तुमच्या वयात ते सोसणार नाही. पण पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवू. याला गॅस्ट्रॉस्टॉमी म्हणतात. दूध, पेज थेट पोटात जाईल. गाठ तशीच राहील, पण उपाशी मरणार नाही."

पोरगं रडायलाच लागलं. "आबा, साठी उलटलीया, कापाकापी नको."

"गप ए! मरनाला कोन भितंय? पर शंभर मेंढरांची पोटं भरनारा मानूस भुकेनं मेला, ह्ये मला सोसायचं न्हाय."

सुई देऊन पोट तेवढं बधिर केलं. मी जागाच. इचारलं, "डॉक्टर, टाका कसला घालताय?" कुत्र्यानं फाडलेल्या मेंढीला मी सवता टाकं घातल्यात.

"गप्प पडा, नाहीतर सुई तुमच्याच हातात देईन," डॉक्टर हसले.

दुसऱ्या दिशी नर्सबाईनं नरसाळ्यातनं दूध घातलं. पोटात ऊब पसरली. तीन म्हयन्यांनी भूक निवली आन मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू?

उकळल्या पान्यानं नळी धुवायची, पेज गाळून हळूहळू घालायची. आठ दिसात सगळं शिकलो. सुनंला हात लावू दिला न्हाय.

घरी आलो, पर कुनाच्या म्होरं जेवायची लाज वाटायची. मेंढरांच्या कुंपनाआड बसून उरकायचो.

एक दिस नातीच्या लग्नाची सुपारी फोडायला पावनं आलं. आमच्यात थोरल्यानं पयला घास घेतल्याबिगर पंगत हलत न्हाय. मी पोराला म्हनलं, "तूच घे." आन कुंपनामागं गेलो.

जरा येळानं सून आली. "मामा, ताटं वाढून बसल्यात समदी. तुमी घेतल्याबिगर कोन शिवायचं न्हाय."

"अगं, पावनं काय म्हनतील?"

"काय म्हनत्यात ते म्हनू द्या. चला."

गेलो. पंगतीच्या म्होरं बसलो. बंडी वर केली, नरसाळं लावलं, पेज ओतली. नातीचा व्हनारा सासरा बघत हुता. मी बी त्याच्याकडं बघत हुतो.

गाठ हाय तितंच हाय. किती दिस, ते डॉक्टरांनी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. त्या डॉक्टराचं आन नर्सबाईचं भलं हुवू दे.

पेज उतरली. "हां, घ्या आता," मी म्हनलं, आन समद्यांचं हात एकदम ताटाला लागलं.