शेवटचं कार्ड आणि नाल्याची वाट

माझा कॉम्प्युटर बारा वर्षांचा झाला होता आणि त्याला मी शेवटचं ग्राफिक्स कार्ड घेणार होते. शेवटचं म्हणजे शेवटचंच, कारण त्या मदरबोर्डात यापुढचं काही चालणार नव्हतं. आदिलाबादच्या दुकानदारानं तर हातच जोडले. "मॅडम, इस में कुछ मत डालो, नया ले लो." म्हटलं, नवा घेईन तेव्हा घेईन, तुमी कार्ड दाखवा. मला घाई होती, आणि ती त्याला समजावत बसायला वेळ नव्हता.

घाई बाबांच्या डोळ्यांची होती. काचबिंदूनं कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं तेवढं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. उरलेलं जाण्याआधी मला त्यांना त्यांचं गाव दाखवायचं होतं.

गाव बाजारहत्नूरच्या पल्याड, तलावाच्या पाण्याखाली. तिथून उठलो तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातलं काही म्हणता काही आठवत नाही. शाळेत गणित शिकवून उरलेल्या वेळात, दोन वर्षं खपून, मी ते कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. रस्ते तहसीलीतल्या जुन्या नक्शावरून आखले, घरं बाबांना विचारून विचारून. बाबा डोळे मिटून बसायचे आणि पाण्यात बुडी मारून एकेक वस्तू वर आणावी तसं सांगायचे. पाटलाच्या मागच्या भिंतीले गोवऱ्या थापलेल्या. देवळाच्या पाठीमागं चिंच. दार कसं होतं विचारलं की मात्र नाही म्हणून मान हलवायचे. आमचं घर सोडलं तर गावातल्या कोणत्याच घराचं दार त्यांना याद नव्हतं.

मी चिडायचे. "गोवऱ्या आठवतात अन् एवढं मोठं दार आठवत नाही?"

"म्हातारा झालो ना माय," म्हणून ते हसायचे. मग मीच मनानं दारं बसवली, चांगली कोरीव, पितळी कड्यांची. त्या कड्यांवर चार महिने गेले.

पण जुन्या कार्डावर गाव हलेना. जरा वळलं की चित्र अडखळायचं आणि बाबांना चक्कर यायची. दुकानात दोन कार्डं होती. दोन पंख्यांच्या मोठ्या कार्डात अख्खं गाव मावलं असतं. शाळेची लाकडी पट्टी घेऊन मी कॅबिनेटमध्ये डोकं घातलं, तर ते दोन बोटं लांब भरत होतं, आणि त्याला लागणारी जास्तीची वायर माझ्या पॉवर सप्लायला नव्हतीच. एका पंख्याचं आखूड कार्ड अलगद बसत होतं, पण त्याची मेमरी निम्मी. आठवडाभर मी त्या दोघांत झुरले, वर्गात फळ्यावर भलतीच बेरीज लिहिली. शेवटी आखूड घेतलं आणि गावाबाहेरचं सगळं कापून टाकलं, नाला, बाभळी, गवत. नक्शावर तिथं तसंही काही नव्हतं. वेशीबाहेरून निघून, गाव ओलांडून आमच्या घरापर्यंत जाणारा मधला रस्ता तेवढा ठेवला.

रविवारी सकाळी बाबांचं बोट मी बाणाच्या बटणावर ठेवलं. गाव सरकायला लागलं, बिलकूल न अडखळता. भिंतींवरून ऊन हळूहळू मागं जात होतं. बाबा वेशीपर्यंत गेले, थांबले, आणि डावीकडं वळले. तिकडं नुसतं राखाडी, रिकामं. ते त्यातून चालतच राहिले.

"बाबा, इकडून काऊन? रस्ता समोर आहे."

"आपली वाट नाल्यानंच होती. मधातून आपल्याले कोन जाऊ देत होतं?"

बसची वेळ सांगावी तसं ते म्हणाले. आमची वस्ती गावाबाहेर का होती हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. विहारात, भाषणांत ऐकतच मोठी झाले. पण बाबांनी अख्खं गाव जन्मभर पाठीमागून पाह्यलं होतं, आणि मी त्यांच्यावर दारांसाठी चिडत होते. मला फार लाज वाटली.

त्या आठवड्यात मी मनानं बसवलेली सगळी दारं काढली, कड्यांसकट. कार्डाच्या मोकळ्या झालेल्या मेमरीत नाला परत आणला. बाबा सांगत गेले, मी घालत गेले. गुडघाभर गवत, धुण्याचा दगड, पिवळी फुलं आलेल्या बाभळी.

पुढच्या रविवारी ते नाल्यानं चालले. गवत हलत होतं, पाण्यावर बाभळीची सावली हलत होती, आणि कार्डाचा लहानसा पंखा हलक्या आवाजात फिरत होता. खोलीत मी आहे हे ते विसरलेच असावेत. चक्कर आली नाही. घरापाशी पोचले, खूप वेळ तिथंच उभे राह्यले. झालं, असं वाटून मी बंद करायला हात पुढं केला.

"थांब," बाबा म्हणाले. "आता मधातून जाऊन पाहू."

"दारं काढली मी बाबा. नुसत्या भिंती आहेत."

"राहू दे. मले रस्ताच पाहाचा होता."

ते रस्त्याच्या बरोबर मधोमध चालले, सावकाश, वेशीपर्यंत गेले, मागं वळले आणि त्याच रस्त्यानं घरी आले.