साडूंच्या संशयास पात्र

सर्व लहानथोरांनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, जमल्यास उभं राहावं, कारण मी एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करणार आहे. या भूतलावर आजवर एकही माणूस उत्तेजक औषध घेतल्याशिवाय सायकलवरून चढ चढलेला नाही. फ्रान्समध्ये नाही, इटलीत नाही आणि खालापूर तालुक्यात तर नाहीच नाही. हा शोध माझ्या थोरल्या साडूंचा. या नियमाला त्यांनी साऱ्या जगात एकच अपवाद ठेवला होता, आणि तो म्हणजे मी. ऐकायला हे कौतुक वाटतं. ते कौतुक नव्हतं. त्यापायी मी वर्षानुवर्षं आतल्या आत जळत होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर चौकला, भाताची खाचरं लोधिवलीच्या अंगाला, आणि सगळी नोकरी एका कारखान्यात पाळीवर, तीही सायकलने जाऊन-येऊन. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, साडू युरोपातल्या सायकल शर्यतींना लागले. फ्रान्सची ती तीन आठवड्यांची मोठी शर्यत आणि आपली भातलावणी एकाच वेळी येतात, हा त्यांच्या मते फ्रेंचांचा शुद्ध अडाणीपणा. पण त्यांनी तोड काढली. बांधावर काठी रोवायची, तिला प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाईल बांधायचा आणि गुडघाभर चिखलात उभं राहून आल्प्स पर्वत बघायचा. एकदा ते "सुटला! सुटला!" म्हणून असे काही ओरडले की लावणीच्या बाया कुणाचा तरी रेडा सुटला समजून हातातला भाताच्या रोपांचा आवा टाकून बांधावर चढल्या. सुटला होता तो त्यांचा लाडका बगळ्या. सायकलस्वारांची खरी नावं साडूंच्या जिभेला वळत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांची नव्याने बारशी केली होती. उंच मानेचा तो बगळ्या, दात दाखवणारा तो हसऱ्या, आणि सर्वांत पुढे असेल तो पिवळ्या बंडीवाला.

आणि यातला जो कोणी पहिला येईल त्याच्याविषयी साडूंचा निकाल ठरलेला. मांडीवर थाप मारून म्हणायचे, "घेतलंय ह्यानं!" त्यांचे पुरावेही पक्के असत. चढावर तोंड उघडत नाही, म्हणजे घेतलंय. वर पोचल्यावर हसतो, म्हणजे तर शंभर टक्के घेतलंय. "चढ चढून आल्यावर मानूस हसंल कसा रं? त्याची आय आठवाया पायजे त्याला!" एकदा माझ्या बायकोने वैतागून विचारलं, "अहो दाजी, सगळेच घेतात तर बघता कशाला?" साडू तिच्याकडे असे बघत राहिले जणू तिने जेवणाऱ्याला 'जेवता कशाला' म्हणून विचारलंय. मग हळूच म्हणाले, "घेतलंय ते म्हाईत हाय गं. पन काय चढतो!" आणि डोळे पुसले.

त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडूंचा संशय हीच साडूंची टाळी होती. दुसऱ्या कुठल्या रीतीने त्यांना कुणाचं कौतुक करताच येत नव्हतं. आणि ही टाळी मला सोडून सर्वांना मिळत होती!

शनिवार-रविवारी मुंबईहून घट्ट कपड्यांतले सायकलवाले जुन्या हायवेवर येतात आणि चौकच्या ढाब्यांवर मिसळ खायला थांबतात. साडू त्यांच्या सायकलींमधून तपासनिसासारखे फिरत. एकाला त्यांनी सरळ विचारलं, "काय घेता तुमी?" तो बिचारा म्हणाला, "काका, इलेक्ट्रोलाइट." साडू माझा दंड घट्ट धरून बाजूला आले. "नाव सांगून मोकळा झाला! एवढा निर्ढावलेला बघितला नव्हता!" त्याच माणसाच्या बाटलीतला उरलेला घोट त्यांनी मागून घेतला आणि थेट गावच्या दूध डेअरीत नेला. तिथे फॅट मोजायचं यंत्र आहे, भेसळ पकडतं, मग ही भेसळ का नाही पकडणार, असा त्यांचा बिनतोड विचार. डेअरीवाल्याने वडीलधाऱ्या माणसाचा मान राखून ते पाणी यंत्राला लावलं आणि सांगितलं, "दादा, फॅट काय नाय ह्यात." साडू विजयी मुद्रेने बाहेर आले. "बघ! पुरावाच ठेवला नाय!"

पण माझा खरा वैरी होता पाववाला. सायकलला मागे भलीमोठी पेटी, पुढे दोन पिशव्या, पायात स्लीपर, आणि हा गृहस्थ चौकच्या चढावर भोंगा वाजवत आम्हां दोघांना मागे टाकून जायचा. साडू मागून ओरडत, "घेतलंय रं यानं!" तो मान न वळवता म्हणायचा, "व्हय दादा, तुमच्याच घरी चा घेतला!" मला तो पाव घशाखाली उतरत नसे. पाववाल्यावर संशय, मुंबईकरांवर संशय, एकदा तर भरधाव निघून गेलेल्या एका बोकडावरही संशय, आणि माझ्यावर? माझ्याकडे बघून साडू मान हलवत आणि मायेने म्हणत, "तू साफ हायस, साडू. तुला बघून कुनाला संशय येनार नाय."

आमचा रविवारचा रिवाज असा: साडूंनी सायकल मारत चौकहून कर्जतला यायचं, माझ्याकडे चहा प्यायचा, आणि मग दोघांनी सायकलने पळसदरीच्या धरणाकडे जायचं. शेवटचा चढ लागला की साडू उभं राहून पॅडल मारत निघून जात आणि मी धापा टाकत वर पोचेपर्यंत त्यांचे अर्धे शेंगदाणे खाऊन झालेले असत. जिंकणं माझ्या नशिबात नव्हतं, तेव्हा निदान संशय तरी मिळवावा म्हणून मी नाही नाही ते केलं. बाटलीत लालभडक पाणी भरून, ते दिसेल न दिसेल असं झाडामागे जाऊन प्यालो. साडूंनी बाटली घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाले, "कोकमाचं आगळ हाय. मीठ कमी पडलंय." दंडावर, सुई टोचल्यावर लावतात तशी चिकटपट्टी लावून गेलो. "रक्तदान केलंस काय रं? लय चांगलं काम." एकदा तर चढाच्या टोकाला मुद्दाम दात काढून हसलो. त्यांनी घाईघाईने मला सावलीत बसवलं आणि पदरचा गूळ खायला दिला. त्यांना वाटलं, मला चक्कर येतेय.

मग गेल्या हिवाळ्यात साडूंच्या छातीत कळ आली. पनवेलला नेलं, डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि साडू घरी आले ते औषधांचा डबा घेऊन. मी भेटायला गेलो तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मेव्हणीबाई म्हणाल्या, "बगा ना ओ, फ्रान्सची जुनी शर्यत लावून दिली तरी बगत नायत." मी जवळ बसलो. साडू डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता मीच घेतो रं. बाद झालो मी." मला हसू येणार होतं, ते आलं नाही. त्यांनी हे गमतीने म्हटलंच नव्हतं.

उन्हाळा सरताना डॉक्टरांनी हळूहळू सायकल चालवायची परवानगी दिली आणि एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले, टेंपोत सायकल टाकून. चौकहून चालवत आले नव्हते. पळसदरीचा चढ लागला. साडू उभे राहिले नाहीत. बसूनच पॅडल मारत होते, आणि माझी सायकल, जिने जन्मात कुणाला मागे टाकलं नव्हतं, ती त्यांच्या पुढे सरकू लागली. मी गुपचूप ब्रेक धरला. लबाडी माझ्या अंगात मुरलेली आहे, पण त्यांच्या कानांपुढे ती टिकत नाही. मागून आवाज आला, "ब्रेक दाबतोस काय रं? माझी लाज काढतोस? जा की!"

गेलो. ज्या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली तो असा आला की मागे वळून बघवेना. वर पोचलो, सायकल झाडाला टेकवली आणि खाली बघत राहिलो. साडू वळणावर दिसले. सायकल हातात धरून चालत येत होते. या चढावर मी त्यांना कधी पाय टेकताना पाहिलं नव्हतं. त्यांना धीर वाटावा म्हणून मी चेहरा हसरा ठेवला. तो कितपत हसरा दिसत होता देव जाणे.

ते जवळ आले. श्वास घेतला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हसण्यावर नजर जरा जास्तच रेंगाळली. मग माझ्या सायकलची बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला, एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. नळाचं साधं पाणी होतं, आणि ते त्यांनाही कळलं होतं. धरणावर सहलीला आलेली माणसं बघू लागली. मक्याची कणसं भाजणारी बाई वारा घालायची थांबली. साडूंनी माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली आणि सगळ्या पळसदरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"घेतलंय! माझ्या साडूनं घेतलंय! पन काय चढला रं!"