चौदा फोन आणि चौथा प्रश्न

चहा घ्या आधी. कारण मी आता जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर तुम्ही तुमचा फोन परत कधी माझ्या हातात देणार नाही. देऊही नका.

मी पुण्यात खराडीला एका छोट्या कंपनीत आहे. म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप आम्ही बनवतो. त्यात माझं काम काय, तर लोकांची खासगी माहिती सांभाळणं. कोणाला काय विचारायचं, का विचारायचं, ते कुठे ठेवायचं आणि कधी पुसायचं, हे मी ठरवतो. ॲप पहिल्यांदा उघडलं की चार प्रश्न येतात, ते माझे. त्यांतल्या एकेका शब्दासाठी मी तीन आठवडे भांडलोय. 'मान्य आहे' जेवढ्या मोठ्या अक्षरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'नको' हवं, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, हा नियमही माझाच. ऑफिसात पाठीमागे मला 'सोवळे' म्हणतात. मला ते आवडायचं.

तर चाचणीसाठी खरीखुरी ज्येष्ठ मंडळी हवी होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत त्यांना काय तोटा? शिवाय माझे वडील, नाना, तिथल्या ज्येष्ठांच्या कट्ट्याचे सचिव. निवडणूक वगैरे काही झालेली नाही. कोणी काही सांगितलं तर नाना ते पोटात ठेवतात, म्हणून सचिव.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये नानांसकट चौदा जण फोन घेऊन बसले. मी पहिला फोन घेतला, तो सुमनकाकूंचा. निवृत्त मुख्याध्यापिका. मी पहिला प्रश्न मोठ्याने वाचायला लागलो.

"हे सगळं तू लिहिलंयस?" काकू.

"हो."

"म्हणजे तुला पाठ असेल. मग आम्हाला कशाला वाचून दाखवतोस? दाब आणि दे इकडे. पोहे गार होतायत."

आणि मी दाबलं. चौदा फोन, प्रत्येकावर चार वेळा, छप्पन्न वेळा 'मान्य आहे'. ज्या बोटाने नियम लिहिला, त्याच बोटाने. चौथा प्रश्न होता, 'गोळी चुकली तर घरच्यांना कळवू का?' खाली घरच्या माणसाचा नंबर. आता चौदा जणांना मुलासुनांचे नंबर कोण विचारत बसणार? मी सगळीकडे माझाच टाकून दिला. सवडीने बदलू म्हटलं. पोहे गरम मिळाले, एवढं खरं.

कोणती गोळी कधी घ्यायची, हे मग ज्याने त्याने घरी जाऊन भरलं. आपल्या फोनमधलं आपल्यापाशी राहणार, या भरवशावर.

सोमवारी मी खराडीत मीटिंगला बसलो होतो. विषय, अर्थातच, लोकांचा विश्वास. मी बोलत असतानाच फोन थरथरला. सुमनकाकूंची थायरॉईडची गोळी राहिली. पाच मिनिटांनी आणखी एक. देवधरकाकांची काल रात्रीची झोपेची गोळी राहिली.

देवधरकाका आणि झोपेची गोळी? देवधरकाकू वारल्यापासून हे गृहस्थ एकटेच राहतात, आणि 'मला बुवा पडल्या पडल्या झोप लागते' हे वाक्य रोज सकाळी अख्ख्या कट्ट्याला ऐकवतात.

नंबर तेव्हाच बदलायला हवा होता. नाही बदलला. का? खरं सांगतो, मजा यायला लागली. ज्या शेजाऱ्यांना वीस वर्षं ओळखतो, ते आतून कसे आहेत हे घरबसल्या कळत होतं. वर मी मनाला समजावलं, की आपण काळजी करतोय. आणि काळजी करणारा माणूस गप्प कसा बसेल?

बुधवारी लिफ्टमध्ये देवधरकाका भेटले. बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे दोघे. मी अगदी आपुलकीने म्हटलं, "काका, झोपेची गोळी चुकवत जाऊ नका हं."

लिफ्ट तळमजल्यावर पोचली. काका उतरले आणि मागे न बघता गेले. मला वाटलं, गहिवरले असतील. काय म्हणावं माझ्या अकलेला.

गुरुवारी सुमनकाकूंना थायरॉईडबद्दल विचारलं. शुक्रवारी आणखी दोघांची विचारपूस केली. शनिवारी नाना फिरायला गेले आणि दहा मिनिटांत परत आले. रविवारी गेलेच नाहीत.

"पाय दुखतोय," म्हणाले.

पाय दुखणारा माणूस खिडकीतून कट्ट्याकडे असा बघत बसत नाही. मी खाली गेलो. सुमनकाकूंना विचारलं, नानांचं काही बिनसलंय का?

"छे, बिनसायचंय काय? इतके दिवस सचिव होते, आता वार्ताहर झालेत," काकू म्हणाल्या. "देवधरांनी गोळीचं जगात एकट्या तुझ्या नानांना सांगितलं होतं. ते तुला लिफ्टमध्ये कसं कळलं?"

नानांकडे होतं काय? पेन्शन, चष्मा आणि लोकांचा विश्वास. तिसरी गोष्ट मी आठवड्यात संपवली होती. आणि नाना मला एका शब्दाने बोलले नव्हते.

मी वर जाऊन नानांना हाताला धरून खाली आणलं आणि कट्ट्यासमोर सगळं सांगितलं. छप्पन्न वेळा दाबलेलं, टाकलेला नंबर, आणि मजा आली तेसुद्धा. देवधरकाकांनी बाकावरची काठी उचलली. मग बाजूला सरकून त्यांनी नानांना बाकावर जागा केली.

सुमनकाकू मात्र शाळा सोडून वीस वर्षं झाली तरी मुख्याध्यापिकाच. "आलेलं सगळं आमच्यासमोर पूस. एकेक नाव वाचून."

मी उभा राहून वाचायला लागलो. प्रत्येक नावापुढे आलेले निरोप आणि त्यांतले न उघडलेले, असे आकडे. सुमनकाकू, सहा, सगळे उघडलेले. देवधरकाका, पाच, सगळे उघडलेले. असं करत तेरा नावं झाली. चौदावं नाव नानांचं. निरोप नऊ. उघडलेला एकही नाही.

घरचेच तर आहेत, संध्याकाळी विचारू, असं म्हणून मी ते रोज बाजूला सारत होतो. नाना शेजारीच बाकावर बसले होते. चष्मा लावून.

त्या दिवशी मी घरोघर जाऊन चारही प्रश्न पहिल्यापासून वाचून दाखवले. चौथ्याला बहुतेकांनी 'नको' म्हटलं, मी निमूट दाबलं. शेवटी घरी आलो आणि नानांसमोर बसलो.

"नाना, गोळी चुकली तर घरच्यांना कळवू का?"

"नको."

"का पण?"

"कारण विचारायचं नाही असा नियम आहे ना तुझा?" नाना म्हणाले. मग चष्मा पुसत, अगदी शांतपणे, "आणि कळवून उपयोग काय? तू कुठे उघडतोस."