मकाई दरवाजा बंद

पुण्याच्या साडूला आपलं शहर फुकटात दाखवायच्या हट्टापायी मी शहराच्या जुन्या तटबंदीतल्या मकाई दरवाज्याच्या कमानीखाली गाडी थांबवली आणि वर इंजिनही बंद केलं. अजूनही कुठं जळक्या क्लचचा वास आला की त्या दुपारचा संताप डोक्यात चढतो. दोन दिवस माझ्या घरचं जेवत साडू एकच विचारत होता, “लेणी सोडली तर तुमच्याकडे बिनतिकिटाचं बघण्यासारखं आहे काय हो?” बसस्टँडला सोडायला निघालो तर पुन्हा तेच. माझं टाळकं सरकलं. वाट वाकडी करून त्याला थेट कमानीत आणलं आणि ओरडलो, “वर बघा. तिकीट नाय, रांग नाय.” त्यानं खाली मोबाईलमधली वेळ पाहिली. तोवर मागं रिक्षांची रांग लागली, समोर टेम्पो अडला आणि कमानीत हॉर्न असे घुमले की दगडांतली कबुतरं उडाली. मी रागानं किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. एकाच गाडीला पुरणारी ती वाट, तिच्यात माझी गाडी बुचासारखी बसली. “माझी बस गेली,” साडू म्हणाला. “जाऊ द्या,” मी खेकसलो. शेवटी समोरचा टेम्पो मागं सरला, मागच्या रिक्षावाल्यानं उतरून गाडी ढकलली, क्लच जळल्याचा वास सोडत, दणके खात ती कशीबशी सुरू झाली, तसा तो खिडकीशी वाकला. “साहेब, लहानपणापासून इथून जातो. हा दरवाजा बंद झालेला कधी पाह्यला नव्हता. तुम्ही करून दाखवला.”